सर्वानुमते म्हणजे नेमकं काय? मेंढा लेखा गावाचं प्रकरण

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना साधारण तीस किलोमीटरवर मेंढा हे गाव लागतं. शंभरेक घरं, पाचशेच्या आसपास वस्ती, बहुतेक सगळे गोंड. लेखा ग्रामपंचायतीतलं हे एक गाव, म्हणून बाहेर ते मेंढा लेखा म्हणून ओळखलं जातं. या गावानं २०१३ मध्ये ग्रामदानाचा निर्णय घेतला. म्हणजे प्रत्येक खातेदारानं आपल्या शेतीची मालकी ग्रामसभेकडे सोपवायची. जमीन कसण्याचा आणि मुलाबाळांकडे वारसानं देण्याचा हक्क घराकडेच राहणार, भूमिहीनांसाठी विसावा हिस्सा निघणार. पण गावाबाहेरच्या माणसाला जमीन विकणं बंद. शेतकऱ्याच्या घरात सातबाऱ्यावरच्या नावाला काय किंमत असते हे वेगळं सांगायला नको. भावाभावांत पिढ्यान् पिढ्यांची वैरं त्या एका नावावरून होतात. ते नाव सोडायला सगळं गाव राजी झालं, आणि ‘सगळं’ हा शब्द इथे बोलण्याच्या ओघात आलेला नाही. या लिखाणाचा विषय तोच आहे.

महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम १९६४ सालचा. त्यानुसार गाव ग्रामदानी व्हायला शंभर टक्के संमती लागत नाही; ठरावीक प्रमाणात जमीनमालक आणि प्रौढ रहिवासी तयार झाले की पुरतं. मेंढ्याला कायद्याची ही अट केव्हाच पार करता आली असती. तरी गाव थांबलं. एकेका घराचं शंकानिरसन होईपर्यंत विषय पुन्हा पुन्हा बैठकीत येत राहिला. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हे थांबणं आहे. ग्रामदान त्यानंतरचं.

मेंढ्यातले लोक आपल्या पद्धतीला ‘सर्वसहमती’ म्हणतात. आपल्याकडे इतिवृत्तात लिहायचा शब्द आहे ‘सर्वानुमते’. ठरावाखाली सूचकाचं नाव, अनुमोदकाचं नाव आणि मग ‘सदर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला’ ही ओळ. शाळेच्या पालकसभेपासून साखर कारखान्याच्या वार्षिक सभेपर्यंत ही ओळ लिहिली जाते, आणि पुष्कळदा सभा सुरू होण्याआधीच लिहून तयार असते. तिचा अर्थ इतका झिजला आहे की तो नीट पाहायला मेंढ्यासारखं गाव गाठावं लागतं.

मराठीत पूर्ण मान्यतेचे बरेच शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. पण प्रत्येकाचं काम वेगळं. ‘एकमत’ म्हणजे सगळ्यांचं मत एकच. ते दुर्मीळ असतं, आणि दर वेळी ते असावं अशी गरजही नसते. ‘एकवाक्यता’ हा मूळचा मीमांसाशास्त्रातला, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा हे सांगणाऱ्या शास्त्रातला शब्द. अनेक पदं मिळून एकच अर्थ सांगत असतील तर ते एक वाक्य, असा तिथला विचार. म्हणून साक्षीदारांच्या जबानीत किंवा अहवालांत एकवाक्यता असते. ‘बिनविरोध’ म्हणजे समोर कोणी उभं राहिलं नाही. का राहिलं नाही, हे तो शब्द सांगत नाही. आणि ‘सर्वानुमते’ म्हणजे सर्वांनी अनुमती दिली. माझं मत तुमच्यासारखं असेलच असं नाही, मनात एखादी शंका अजून असेल, पण माझं ऐकून घेतलं गेलं आहे, आता हे पुढे न्यायला माझी ना नाही, एवढा त्याचा अर्थ. एकमतात सगळ्यांची मतं जुळलेली असावी लागतात. सर्वानुमतीत मतं वेगळी राहिली तरी चालतात, फक्त कोणाचा नकार अनुत्तरित राहिलेला चालत नाही. मेंढ्याची सर्वसहमती ही या दुसऱ्या अर्थाची आहे.

ही पद्धत तिथे एका रात्रीत आली नाही. १९८४ च्या सुमारास इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे आणि आदिवासी नेते लालशाम शहा त्यात होते. धरणं थांबली, आणि त्या चळवळीतून गावोगाव एक प्रश्न शिल्लक राहिला: जंगल आपलं म्हणतो, तर गावात निर्णय कोण घेतं? जयप्रकाशांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आलेले ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल अशा गावाच्या शोधात होते जिथे लोक खरोखर स्वतः ठरवतात. मेंढ्यात त्यांची गाठ देवाजी तोफा आणि इतर गावकऱ्यांशी पडली. पुढे या गावाची घोषणा राज्यभर माहीत झाली: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ गोंडीत थोडक्यात, ‘मावा नाटे मावा राज’.

सर्वसहमतीमागे विनोबांचा विचार उघड दिसतो. ‘पाच बोले परमेश्वर’ ही जुनी म्हण. पुढे चार विरुद्ध एक, तीन विरुद्ध दोन असले तरी परमेश्वर बोलतोच असं आपण मानू लागलो, यावर विनोबांचा आक्षेप होता. तीन जणांनी दोघांना हरवलं की ते दोघे गावातच राहतात, आणि तो निर्णय फसावा अशी वाट पाहतात. लहान गावात याचा त्रास फार. शहरात हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी दिसतही नाही. गावात त्याच्याच बांधावरून आपल्याला पाणी न्यायचं असतं.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहू, कारण नुसत्या सदिच्छेवर एवढा पल्ला गाठता येत नाही. मेंढ्यात दोन वेगळ्या जागा आहेत. एक अभ्यास गट, दुसरी ग्रामसभा. अभ्यास गटात ज्याला यायचं तो येतो, बाहेरचे जाणकारही येतात, कायदा वाचला जातो, आकडे मांडले जातात, वाद मनसोक्त होतो. पण तिथे निर्णय होत नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत, आणि तिथे बाहेरच्या माणसाला मत नाही, मग तो कितीही जवळचा मित्र असो. प्रत्येक घरातून बाई आणि पुरुष दोघांनी यावं हा दंडक. ग्रामसभेत एकानं जरी ‘मला हे पटत नाही’ म्हटलं तरी विषय तिथेच थांबतो. तो फेटाळला असं होत नाही, मंजूर झाला असंही नाही. पुढच्या बैठकीवर जातो. मधल्या काळात त्या माणसाशी बोलणं, नवी माहिती काढणं, प्रस्तावाची दुरुस्ती करणं हे चालू राहतं.

या दोन जागांची फारकत मला फार मोलाची वाटते. आपल्या बहुतेक सभांत माहिती, वाद आणि मतदान हे सगळं एकाच तासात उरकतं. कागद हातात पडतो तेव्हाच हात वर करायचा असतो. ज्याला समजलेलं नसतं तो गप्प बसतो, आणि ‘मौनं संमतिलक्षणम्’ म्हणून त्याची गणना होकारात होते. मेंढ्यात न समजलेल्या माणसाला विचारायची जागा आधीच मिळालेली असते, त्यामुळे ग्रामसभेतल्या त्याच्या गप्प राहण्याला काही अर्थ उरतो.

सुरुवातीच्या काळातला दारूचा विषय याचं चांगलं उदाहरण आहे. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी १९९३ पासून. मेंढ्यात बायकांनी हा प्रश्न त्याआधीच काढला होता. विरोधातलं म्हणणं खोटं नव्हतं. देवाला मोहाची दारू लागते, पूजा त्यावाचून होत नाही. मतदान घेतलं असतं तर एक बाजू जिंकली असती आणि दारू घराआड गेली असती. बोलणं लांबत गेलं आणि त्यातून तोडगा निघाला: देवकार्यापुरती मोकळीक, बाकी बंद. विरोध करणाऱ्याच्या बोलण्यातलं जे खरं होतं ते ठरावातच आलं. एकाचा ‘नाही’ गावाला उपयोगी पडतो तो असा. त्याच्यामुळे ठराव अडतो हे खरं, पण अडलेला ठराव पुन्हा घडवला जातो आणि मग तो पाळलाही जातो, कारण पाळणाऱ्यानंच तो घडवलेला असतो.

बाहेरच्या जगाशी गाठ पडली तेव्हा याची ताकद दिसली. गावानं जंगलातल्या सागाचं लाकूड वापरून गोटूल, म्हणजे गोंड तरुणांनी एकत्र जमायचं सामुदायिक घर, बांधलं; वनखात्यानं ते उतरवून नेलं. त्यावर आजूबाजूच्या गावांनी आपापली गोटुलं उभी केली आणि खात्याला माघार घ्यावी लागली. कागद कारखान्यासाठी चाललेली बांबूची तोड १९९० नंतर गावानं थांबवली. अशा वेळी समोरचा नेहमी फट शोधतो: कोणाला मजुरीचं आमिष, कोणाला कंत्राटाचं. ज्या गावात चाळीस टक्के लोक हरून घरी बसलेले असतात तिथे फट शोधावी लागत नाही, ती तयारच असते. मेंढ्यात ती सापडली नाही.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांपैकी हे एक. हक्क मिळाला तरी बांबू नेता येईना. बांबू हे लाकूड की गौण वनोपज (म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल), या वादात वाहतूक परवाना अडकला होता. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. गावाच्या जंगलातला बांबू गावाच्याच सहीनं बाहेर जाऊ लागला. वनहक्काच्या नियमांत ग्रामसभेचे ठराव हजर असलेल्यांच्या साध्या बहुमतानं चालतात, २०१२ च्या दुरुस्तीनंतर गणपूर्तीला निम्मी उपस्थिती पुरते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. इथेही गावानं कायद्यापेक्षा जास्त कडक अट स्वतःला घालून घेतली.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो हलका नाही. एकाच्या हाती सगळ्यांना अडवायची किल्ली दिली तर कारभार कसा चालणार? इतिहासात याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण पोलंडचं. तिथल्या सेयम या संसदेत प्रत्येक प्रतिनिधीला ‘लिबेरुम व्हेटो’ होता: एकानं ‘मी परवानगी देत नाही’ म्हटलं की काम ठप्प. १६५२ मध्ये शिचिन्स्की नावाच्या एका प्रतिनिधीनं अधिवेशनाची मुदत वाढवायला असा नकार दिला आणि ते अधिवेशन मोडलं. पुढे हे इतकं वाढलं की ऑगस्ट तिसरा या राजाच्या तीस वर्षांच्या राजवटीत फक्त १७३६ चं एक अधिवेशन कायदे करून उठलं. शेजारच्या राजसत्तांना एखादा प्रतिनिधी पैसे देऊन फोडला की पुरे होत असे. ३ मे १७९१ च्या राज्यघटनेनं हा नकाराधिकार काढला, तोवर उशीर झाला होता. १७९५ मध्ये पोलंड नकाशावरून पुसलं गेलं.

मग सारख्याच दिसणाऱ्या नियमानं एक देश पांगळा झाला आणि एक गाव उभं राहिलं, हे कसं? फरक नकारानंतर काय होतं यात आहे. सेयममध्ये नकार देणारा उठून आपल्या गढीवर निघून जाई. कारण सांगायचं बंधन नव्हतं, सभा मोडली की विषयही मेला. मेंढ्यात नकार देणाऱ्याला कारण सांगावं लागतं, पुढच्या बैठकीला यावं लागतं, आणि विषय मरत नाही. त्याचा नकार हा बोलण्याचा शेवट होत नाही, तिथून पुढचं बोलणं सुरू होतं. दुसरं म्हणजे निर्णयाचा भार त्याच्यावरही पडणार असतो. त्याच जंगलाची राखण त्यालाही पाळीनं करायची असते.

मला जास्त काळजी वाटते ती उलट बाजूची. लहान गावात, एकाच समाजाच्या वस्तीत, सगळे राजी असताना एकटं ‘नाही’ म्हणत बसणं किती अवघड असतं! नातेवाईक समजावतात, वडीलधारे विचारतात ‘तुझ्यामुळेच अडलंय का रे?’ आणि माणूस मान डोलावून मोकळा होतो. मग बाहेरून सर्वसहमती दिसते, आतून ती दमवलेली संमती असते. हा धोका मेंढ्यालाही आहे. पद्धत कितीही चांगली असली तरी तो संपत नाही. त्यावर उपाय म्हणून दोनच गोष्टी दिसतात: घाई न करणं आणि नकार देणाऱ्याला त्याची किंमत मोजायला न लावणं. ग्रामदानाच्या वेळी गावानं तारीख ठरवून दबाव आणला नाही, विषय वर्षानुवर्षं खुला ठेवला, हे मला त्या निर्णयाच्या खरेपणाचं सगळ्यात मोठं लक्षण वाटतं. शिवाय आकाराचंही आहेच. पाचशे माणसांत जे जमतं ते पन्नास हजारांच्या शहरात जसंच्या तसं जमणार नाही, आणि तिथे बहुमताशिवाय गत्यंतर नाही.

हाच शब्द उलट्या कामाला कसा जुंपला जातो तेही महाराष्ट्रानं पाहिलं आहे. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांच्या वेळी नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी या दोन गावांत सरपंचपदाचा जाहीर लिलाव झाल्याचं पुढे आलं. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली होती, आणि पैसा मंदिराच्या कामाला द्यायचा होता. राज्य निवडणूक आयोगानं दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली. कागदावर ही निवडणूक बिनविरोधच दिसली असती. ‘गावानं मिळून ठरवलं’ असं अशा वेळी सांगितलं जातं. पण ज्याच्याकडे बोली लावायला पैसे नव्हते त्याला ‘नाही’ म्हणायची जागा कुठे होती? त्याचा अर्ज भरायचा हक्कच गावाच्या नावानं काढून घेतला गेला. बिनविरोध आणि सर्वानुमते यांतलं अंतर यापेक्षा ठळक दिसणार नाही. सरकार बिनविरोध ग्रामपंचायतींचं कौतुक करतं, बक्षिसं जाहीर होतात; ते करताना विरोधक का नव्हता हे विचारायला हवं.

शहरातही हा शब्द रोज खर्ची पडतो. गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाचंच घ्या. आधी तीन चतुर्थांश सभासदांची संमती लागे, जुलै २०१९ च्या शासन निर्णयानं ती ५१ टक्क्यांवर आली. म्हणजे कायद्याला सर्वानुमती नकोच आहे. तरीही इतिवृत्तात सवयीनं ‘सर्वानुमते’ लिहिलं जातं, आणि ज्या तीन-चार सभासदांनी सभेत कडाडून विरोध केलेला असतो ते नंतर निबंधकाकडे तक्रार करतात की आमचा विरोध नोंदवलाच नाही. ही तक्रार खरी असते. एका खोट्या शब्दानं चांगला निर्णयही संशयात सापडतो, आणि पुढची दोन वर्षं त्यातच जातात.

म्हणून जिथे जिथे इतिवृत्त लिहायची जबाबदारी आपल्याकडे येते, तिथे मेंढ्याकडून एवढं तरी घेता येईल. सगळ्यांना विचारलं, कोणाची हरकत उरली नाही, तरच ‘सर्वानुमते’ लिहावं. कोणाची हरकत असेल तर ठराव तातडीचा आहे का, हे आधी पाहावं. नसेल तर पुढच्या सभेवर ठेवावा आणि तसं लिहावं. तातडीचा असेल तर मतं मोजावीत आणि हरकत कारणासकट नोंदवावी. नमुना साधाच आहे: ‘ठराव २६ विरुद्ध ४ मतांनी मंजूर. विरोध करणाऱ्या सभासदांचं म्हणणं: पर्यायी निवासाचं भाडं किती आणि किती महिने मिळेल हे करारात स्पष्ट नाही. या मुद्द्यावर विकासकाकडून लेखी उत्तर घेऊन ते पुढील सभेत वाचून दाखवावं असं ठरलं.’ अशा चार ओळी लिहायला पाच मिनिटं जास्त लागतात, पण पुढच्या सभेत त्या चौघांपैकी दोघं तरी कागद पुढे ओढून ते उत्तर वाचायला बसतात.